आईच्या फॅमिली पेन्शनवर दहा लाखांची वसुली निघाली आहे. कोणता मार्ग धरावा?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून मार्च २०१० मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये वारले. तेव्हापासून आईला पुण्यातील एका बँकेमार्फत फॅमिली पेन्शन मिळते. आई आता ७२ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात बँकेच्या पेन्शन केंद्राचे पत्र आले. वाढीव दराची पेन्शन मार्च २०१७ मध्येच बंद व्हायला हवी होती, ती नजरचुकीने चालू राहिली, त्यामुळे एप्रिल २०१७ ते जुलै २०२५ या काळात १०,३१,९२० रुपये जास्त दिले गेले असून ते परत करावेत, असे त्यात म्हटले आहे. जुलैपर्यंत आईच्या खात्यात महागाई भत्त्यासह ३१,००० रुपये जमा होत होते. आता पेन्शन १८,६०० रुपये होईल आणि त्यातूनही दरमहा एक तृतीयांश, म्हणजे ६,२०० रुपये कापले जातील. हातात १२,४०० रुपये येतील आणि या गतीने फेड व्हायला जवळजवळ चौदा वर्षे लागतील.

शाखेत गेल्यावर आमच्यापुढे एक छापील संमतीपत्र ठेवले गेले. आईने अद्याप सही केलेली नाही. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देणे आणि पासबुक भरून घेणे एवढाच तिचा या व्यवहाराशी संबंध होता. पैसे भरणे बंधनकारक आहे का, आणि नसेल तर पहिले पाऊल कोणते उचलावे?

जुना लेखापाल

आपण सही केली नाहीत हे उत्तम झाले, आणि तूर्त करूही नये. शाखेतील मंडळी हे संमतीपत्र केवळ औपचारिकता म्हणून पुढे करतात, परंतु पुढे वाद झाला तर "पेन्शनधारकाने स्वतः मान्य केले आहे" असे म्हणण्यासाठी तोच कागद काढला जातो.

या प्रकरणात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पेन्शन यापुढे किती मिळावी हा पहिला आणि मागची रक्कम परत मागता येते का हा दुसरा. पहिल्यावर भांडण्यात अर्थ नाही. निवृत्तीनंतर कर्मचारी वारला तर वाढीव दर, म्हणजे साधारणतः शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के, मृत्यूनंतर सात वर्षे किंवा तो कर्मचारी ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच मिळतो. पुढे दर ३० टक्क्यांवर येतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत सात वर्षे २०२१ मध्ये पूर्ण होतात, पण ६७ वर्षे मार्च २०१७ मध्येच होतात. सबब बँकेची तारीख बरोबर दिसते. शेवटचे वेतन (सुधारित) ४०,००० धरले तर ५० टक्के म्हणजे २०,००० आणि ३० टक्के म्हणजे १२,०००. त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता धरला की आपण दिलेले ३१,००० आणि १८,६०० हे आकडे तंतोतंत जुळतात.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी तीन कागद लेखी अर्ज करून मागून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यायला विसरू नका. मूळ पीपीओ (पेन्शन अदा करण्याचा आदेश) आणि सातव्या वेतन आयोगानंतरचा सुधारित आदेश, महिनावार देय आणि दिलेल्या रकमेचा तक्ता, आणि पेन्शन सुरू होताना आईकडून घेतलेले, जादा रक्कम परत करीन अशा आशयाचे हमीपत्र, असे हे तीन कागद आहेत. वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत, हे पीपीओवर छापलेले असते. म्हणजे ती तारीख बँकेच्या हातात पहिल्या दिवसापासून होती, आणि आपली खरी बाजू हीच आहे. बँक सरकारी असेल आणि कागद देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे.

तक्ता हाती आला की जानेवारी २०२० ते जून २०२१ हा दीड वर्षाचा काळ आधी तपासा. करोनामुळे तेव्हा महागाई भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला होता. जानेवारी २०२० साठी २१ टक्क्यांची घोषणा झाली होती खरी, पण ती वाढ प्रत्यक्षात कोणाच्याच खात्यात आली नाही. यंत्राने काढलेल्या तक्त्यांत या ठिकाणी गफलत होऊ शकते.

सही न करणारा

बँक एवढी घाई का करते, हेही ध्यानात घ्यावे. चूक बँकेची असेल तर जास्त गेलेली रक्कम बँकेने सरकारला आधी स्वतः भरायची असते, पेन्शनधारकाकडून वसूल होवो वा न होवो. त्यामुळे पत्रात "सरकारचे पैसे" असे लिहिले असले तरी प्रत्यक्षात बँक स्वतःची भरपाई आपल्या आईंच्या पेन्शनमधून करू पाहत आहे.

शिवाजीनगर कोर्टातून

मी वकिली करतो. मात्र कागद न पाहता दिलेले हे मत आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात जादा दिलेली रक्कम कोणाकडून वसूल करता येणार नाही हे सांगितले. तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी, आणि वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असल्यास तेही, शिवाय वसुली अन्यायकारक ठरेल अशी इतर प्रकरणे त्यात येतात. केंद्राच्या कार्मिक विभागाने मार्च २०१६ मध्ये त्यानुसार सूचनाही काढल्या. मे २०२२ मध्ये केरळच्या थॉमस डॅनिअल या निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हेच म्हटले की, फसवणूक किंवा खोटी माहिती नसताना, निव्वळ कार्यालयाच्या चुकीमुळे मिळालेली रक्कम निवृत्तीनंतर परत मागू नये. आपल्या आईंनी काहीही लपवलेले नाही आणि कालावधीही आठ वर्षांहून अधिक आहे.

अडचण हमीपत्राची आहे. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, जादा रक्कम परत करीन असे ज्याने लिहून दिले होते त्याला पहिल्या निकालाचा आधार तसाच घेता येणार नाही. तरीही तिथे वसुली दोन वर्षांच्या हप्त्यांत करावी असे सांगितले गेले. पेन्शन खाते उघडताना बँका असे हमीपत्र सरसकट घेतात, त्यामुळे आपल्या आईंचेही असणार असे गृहीत धरूनच तयारी करावी. चौथी शिकलेल्या विधवेकडून खाते उघडताना घेतलेला छापील इंग्रजी नमुना आणि अधिकाऱ्याने वेतननिश्चितीच्या वेळी समजून दिलेले हमीपत्र यांना एकच वजन द्यावे का, हा युक्तिवाद मला दमदार वाटतो, पण निकाल आपल्याच बाजूने लागेल अशी हमी कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२० चा नैनी गोपाल प्रकरणातील निकाल अनेक जण व्हॉट्सॲपवर फिरवतात. ८५ वर्षांच्या पेन्शनधारकाच्या पेन्शनमधून बँकेने केलेली कपात त्यात बेकायदा ठरली आणि बँकेला खर्चही बसला. मात्र त्या प्रकरणात मूळ पेन्शनच बरोबर होती. आपल्याकडे दर खरोखरच बदलायला हवा होता, त्यामुळे तो निकाल आधाराला घ्यावा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नये.

पेठेतला पेन्शनर

माझे मत थोडे वेगळे आहे. दहा लाख म्हणजे लहान रक्कम नव्हे आणि ती शेवटी जनतेचीच आहे. कोर्टात पाच-सहा वर्षे घालवण्यापेक्षा बँकेशी बोलून हप्ता दोन हजारांवर आणावा आणि मन मोकळे करावे. म्हाताऱ्या माणसाला तारखांचा ताण सोसत नाही.

शिवाजीनगर कोर्टातून

हप्ता कमी करून मागणे हा मार्ग आहेच, परंतु तो "हक्क राखून" असे स्पष्ट लिहून मागावा, नाहीतर ती मागणी म्हणजेच कबुली ठरते. आणि रक्कम जनतेची असली तरी चुकीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच.

कर्वेनगरकर

सर्वांचे आभार. तक्ता मिळाला. जानेवारी २०२० पासूनच्या तीन सहामाह्यांना त्यात अनुक्रमे २१, २४ आणि २८ टक्के दर लावला आहे, तर पासबुकात त्या सर्व महिन्यांत १७ टक्क्यांनीच रक्कम जमा झालेली दिसते. एवढ्यानेच मागणी १०,५६० रुपयांनी फुगली आहे. हमीपत्राची प्रत शाखेला सापडत नाही, असे तोंडी सांगण्यात आले. पुढे काय करावे?

जुना लेखापाल

"सापडत नाही" हे लेखी घ्या. त्या एका ओळीची किंमत दहा हजारांच्या फरकापेक्षा कितीतरी अधिक आहे. तक्त्यातील चूक दाखवून देणारे पत्र मात्र लगेच द्या, कारण ज्या हिशेबात एक चूक निघाली तो हिशेब पुन्हा तपासेपर्यंत कपात थांबवा, असे म्हणणे रास्तच आहे.

शिवाजीनगर कोर्टातून

त्याच पत्रात वरील निकालांचा उल्लेख करून वसुली रद्द करण्याची मागणी करावी आणि प्रत वडिलांच्या कार्यालयाच्या पेन्शन विभागाला पाठवावी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. केंद्राच्या पेन्शन तक्रार पोर्टलवरही नोंद करून ठेवावी. एवढे करूनही कपात सुरू झाली तर मात्र न्यायालयात जावे लागेल. प्रकरण केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या (केंद्रीय कर्मचाऱ्यांचे सेवाविषयक वाद ऐकणाऱ्या) मुंबई खंडपीठापुढे न्यावे की उच्च न्यायालयात, हे वसुलीचा आदेश नेमका कोणी काढला ते पाहून ठरवावे लागेल. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असले तरी पुणे जिल्हा त्यात येत नाही, त्यामुळे उच्च न्यायालयात जायचे तरी मुंबईच गाठावी लागेल. खर्चाची चिंता असेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आईंच्या नावाने अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जाला पीपीओची प्रत, बँकेचे पत्र, तक्ता आणि पासबुकाची त्या दीड वर्षाची पाने जोडावीत.