गरोदर वहिनीची व्हीडीआरएल चाचणी आणि घरातील दोषारोप

प्रश्न : डिचोलीकर

माझे थोरले बंधू बोटीवर नोकरीला असून वर्षातील बरेच महिने घराबाहेर असतात. वहिनी चार महिन्यांची गरोदर आहे. इस्पितळातील नेहमीच्या तपासणीत तिची व्हीडीआरएल चाचणी (सिफिलिस या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारासाठीची रक्तचाचणी) रिॲक्टिव्ह, म्हणजे आजाराची शक्यता दाखवणारी आली, तेव्हापासून आईने तिच्याशी बोलणे सोडले आहे आणि तिला माहेरी पाठवावे असा काकांचा आग्रह आहे. बंधूंना अद्याप कोणी कळवलेले नाही. बाळाला धोका कितपत आहे, आणि आजार कोणाकडून आला हे चाचणीवरून ठरवता येते का?

उत्तर : निवृत्त परिचारिका, फोंडा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तुमच्या घरात तोच मोठा झालेला दिसतो. ठरवता येत नाही. सिफिलिस, म्हणजे जुनी माणसे जिला गरमी म्हणत ती, कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे शरीरात राहू शकते. गरोदर बाईची चाचणी नियमाने होते, नवऱ्याची बहुधा होत नाही, म्हणून आजाराची नोंद प्रथम तिच्या कागदावर होते. त्यापलीकडे त्या कागदाला अर्थ नाही. शिवाय गरोदरपणात व्हीडीआरएल कधी कधी आजार नसतानाही रिॲक्टिव्ह येते, त्यामुळे टीपीएचए या दुसऱ्या रक्तचाचणीने खात्री करावी लागते. आजार निश्चित झाल्यास बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन देतात, आणि संसर्ग किती जुना आहे हे कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. उपचाराविना गर्भपात, मृत जन्म किंवा बाळाला जन्मजात सिफिलिस होऊ शकतो. चौथ्या महिन्यात उपचार मिळाल्यास हे बहुतेक वेळा टळते. बंधूंचीही तपासणी आणि उपचार हवेतच. सरकारी इस्पितळांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे अशा आजारांसाठीच्या दवाखान्यात, ही सोय मोफत असते.

उत्तर : म्हापसेकर

माहेरी पाठवल्यास उपचारात खंड पडण्याची भीती आहे, आणि गावात चर्चा होईल ती वेगळीच. माणसाला दूर सारून संसर्ग थांबत नाही, हे गोव्याने अनुभवलेले आहे: १९८९ मध्ये रक्तदानानंतर एचआयव्ही आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा यांना त्या वेळच्या कायद्याच्या आधारे म्हापशात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले होते. बंधूंना सांगायचे ते वहिनींनीच, हवे तर समुपदेशकाच्या मदतीने सांगावे, काकांनी नव्हे.

डिचोलीकर

टीपीएचएसाठी रक्त दिले आहे. परिचारिकाताईंचे उत्तर आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण पुढच्या तपासणीला सोबत येणार आहे. बंधू डिसेंबरमध्ये परततील. तोवर थांबावे का?

निवृत्त परिचारिका, फोंडा

थांबू नये. प्रवासी बोट असल्यास तेथे डॉक्टर असतो, मालवाहू असल्यास बंदरावरील दवाखान्यात चाचणी करून घेता येते. त्यांनी कागदपत्रे जपून आणावीत, आणि दोघांचेही उपचार पूर्ण होऊन डॉक्टर सांगेपर्यंत शरीरसंबंध टाळावा.