घरचं फॉर्म्युला दूध नकोच
‘बाळाच्या डब्यातल्या पावडरीत (आईच्या दुधाऐवजी देतात त्या फॉर्म्युल्यात) काय घालतात कोण जाणे, त्यापेक्षा घरीच गाईचं दूध, साखर, तेल मिसळून दिलेलं बरं’ असा विचार काही पालकांच्या मनात येतो. काळजी समजते, पण हे करू नका. गाईच्या दुधात प्रथिनं आणि क्षार आईच्या दुधापेक्षा बरेच जास्त. तान्ह्या मूत्रपिंडांना ते झेपत नाहीत. लोह मात्र नगण्य. बकरीच्या दुधात फोलेट (एक ब जीवनसत्त्व) कमी. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) घरगुती फॉर्म्युल्याबद्दल इशारा दिला, तोही रक्तातलं कॅल्शियम घसरून काही बाळं रुग्णालयात पोचल्यावर. (आणि मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.) डबा पुरवायला पाणी वाढवणंही घातकच. पावडर सोसत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून प्रकार बदला.