दोन साधे स्विच की एकच व्हीलॅनवाला?
दादा, तुम्ही विचारलंय की अकाउंटचे पीसी नि सीसीटीव्ही वेगळं करायला दोन साधे स्विच घ्यावेत की एकच मॅनेज्ड, म्हणजे व्हीलॅनवाला (एकाच स्विचवर आतल्या आत वेगवेगळी नेटवर्कं पाडता येतात तो). बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात हेच काम मी केलंय म्हणून सांगतो. साधा ८ पोर्टचा गिगाबिट स्विच दीड हजाराच्या आसपास पडला, व्हीलॅनवाला अडीच-तीन हजार, म्हणजे दोन साधे घेतले की पैसे तेवढेच झाले की, वर दोन अडॅप्टर, युपीएसवर दोन जागा आणि मागच्या शेडपर्यंत वायर दोनदा ओढायची. ८०२.१क्यू टॅगिंगमुळं (डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कुठल्या नेटवर्कचा याची खूण लावतात) एकाच केबलमधनं दोन्ही नेटवर्क जातात, खरी बचत तिथं आहे. आणि दोन साधे स्विच एकाच घरगुती राउटरच्या लॅन पोर्टांना जोडले तर काहीच वेगळं होत नाही बघा, सगळं एकच नेटवर्क राहतंय, आमच्याकडं तसंच होतं तेव्हा कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) अकाउंटच्या पीसीवरनं सरळ उघडत होता! म्हणून राउटरलाही व्हीलॅन कळायला पाहिजे, मायक्रोटिक कंपनीचा छोटा राउटर त्याला पुरतो. लेयर ३ स्विचच्या (राउटरचंही काम करणाऱ्या स्विचच्या) नादाला मात्र लागू नका, दहा-बारा पीसीला एवढा खर्च कशाला. आणि हो, स्विचचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.