स्पॉटिंगला मराठीत काय म्हणायचं?

पानसुपारी: आशाताईंसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय आणि "स्पॉटिंग"पाशी अडकलेय. आधीच्या मसुद्यात कुणीतरी "ठिपके पडणे" लिहिलंय, वाचून रांगोळीच आठवली. मी "डाग दिसणे" केलं तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या फार घरगुती वाटतं, "अल्प रक्तस्राव" करा. आता वाक्य असंय की पाळीच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी फिकट गुलाबी नाहीतर तपकिरी असं जरासंच दिसलं तर कधीकधी दिवस राहिलेले असू शकतात. तिथे रक्तस्राव वाचून बाई धसका नाही का घेणार?

उंबरठा: आमच्याकडे सांगलीत डागच. मला चोविसाव्या दिवशी दिसला तेव्हा आईला फोन केला, डाग लागलाय गं, तर म्हणे लिंबू चोळ आणि उन्हात टाक. तिला वाटलं साडीला हळदीचा. बराच वेळ आम्ही दोघी आपापल्या डागाबद्दल बोलतोय, मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, तारीख कधीची होती?

तिरकामठा: "स्राव" शुद्ध लिहिल्याबद्दल अभिनंदन! दवाखान्यांच्या पाट्यांवर सर्रास "स्त्राव" असतो. धातू स्रु आहे, त्यात स्त्री कुठून आली?

खारेदाणे: "अंगावरून जाणं" का नको? आजी तेच म्हणायची.

पानसुपारी: ते जास्त जातं तेव्हा ना? शिवाय नुसतं अंगावरून जातंय म्हटलं की पांढरं समजतात.

ओपीडीवाली: रोज ऐकते ते सांगते, "जरासं लाल दिसलं", आणि करंगळीचं नख दाखवतात, एवढंसं. बीज फळल्यावर साधारण आठवड्याभराने गर्भ रुजतो, त्या सुमारास असं एखाददोन दिवस दिसू शकतं, पण पाळी येतानाही दिसतं, त्यामुळे नुसत्या डागावरून काहीच ठरत नाही. तारीख चुकली की लघवीची टेस्ट करायची. आणि एका बाजूला ओटीपोटात कळ, चक्कर असं असेल तर तडक दवाखाना, गर्भ नळीत असू शकतो. शब्द कुठलाही घाला, हे मात्र गाळू नका.

तिरकामठा: टेस्ट? चाचणी म्हणायला काय होतं?

ओपीडीवाली: चाचणी म्हटलं की विचारतात रक्त काढणार का. किट म्हटलं की लगेच कळतं.

खारेदाणे: पण दिवस "राहिले" की "गेले"? आमच्या नागपूरकडे जातात. माझ्या अमराठी जावेला सांगितलं ताईंना दिवस गेलेत, तर ती म्हणे, कुठे?

उंबरठा: आणि "दिवस घातले" म्हटलं की थेट तेराव्याला 😄

तिरकामठा: म्हणूनच म्हणतो संस्कृतचा आधार सोडू नये. डोहाळेच बघा, द्विहृद, दोन हृदयांची ती. केवढा अर्थ आहे!

खारेदाणे: डोहाळे ज्यावरून आलं ते "दोहद" प्राकृतातूनच संस्कृतात गेलं असं मानणारेही आहेत. म्हणजे तुमच्या संस्कृतानेच बायकांच्या बोलीतनं उचललं.

तिरकामठा: पुरावा?

खारेदाणे: रात्री कोश काढते, आत्ता कुकर लावलाय.