मूळाक्षरं तोंडपाठ, पण शब्द वाचता येत नाही

चिमणपाखरू:
लेक साडेपाच वर्षांची. अ ते ज्ञ घडाघडा म्हणते, वहीत गिरवतेही. पण 'नगर' लिहून दाखवलं की "न... ग... र..." म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. अजून गिरवून घेऊ का?

पाटीपेन्सिल:
नको, गिरवणं पुरे झालं. मी पहिलीला शिकवते, दरवर्षी अशी मुलं येतात. आपण बोलताना 'न-गर' असं दोन तुकड्यांत बोलतो, शेवटच्या र मधला अ गळतो. ती तीन सुटे, पूर्ण आवाज काढते, मग तिला ओळखीचा शब्द ऐकू येणार कसा?

आधी कागद बाजूला ठेवा. तोंडी विचारा, "मगरमधला म काढला तर काय उरलं?" गर! मुलांना हा खेळ भारी आवडतो. जमला की मग 'न' झाकून 'गर' वाचायला द्या, नंतर न उघडा.

अक्षरंही क्रमाने नकोत. क, म, ल, र, न आणि लगेच काना. एवढ्यात काका, मामा, नाक, कान, कमल होतात. 'मामाला नाक' वाचून आमचा वर्ग खिदळतो. घ-ध, भ-म एकाच आठवड्यात आणू नका. पहिली वेलांटीही उशिरा, कारण ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर.

निवांत:
एवढा खटाटोप कशाला? आमच्या मुलाला रोज गोष्टी वाचून दाखवल्या, तो आपोआप वाचायला लागला.

पाटीपेन्सिल:
लागतात काही मुलं. गोष्टी हव्यातच, शब्दसाठा आणि गोडी तिथूनच येते. पण बहुतेकांना अक्षर आणि आवाज यांची सांगड मुद्दाम घालून द्यावी लागते. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालाचा सूरही तोच होता, अर्थात तो इंग्रजीबद्दल.

चिमणपाखरू:
'मगर' जमलं! 'नगर'ला अजून अडखळते. मनाने लिहिते तेव्हा 'पाणी'चं 'पानी' करते, खोडू का?

पाटीपेन्सिल:
खोडू नका. ऐकून लिहितेय, हीच मोठी गोष्ट. खाली तुम्ही नीट लिहून ठेवा, बस्स.

निवांत:
आणि जोडाक्षरं?

पाटीपेन्सिल:
काना-मात्रा पक्क्या झाल्यावर. आधी 'पक्का', 'गल्ली' असली, एकच अक्षर दोनदा येणारी. रफार सगळ्यांत शेवटी.