तीन मिनिटांच्या तपासणीसाठी सातारा-पुणे हेलपाटा: आपणच बाऊ करतो का?

गोडोलीकर:
परवा अण्णांना (वय ७६) पुण्याला दाखवून आणलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, त्याची फेरतपासणी. वेळ साडेअकराची, म्हणून पावणेसहालाच घर सोडलं. अण्णांनी आदल्या रात्री नऊपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. का, तर "वाटेत एसटी कुणासाठी थांबतीय?" एक्स-रेची पिशवी स्वारगेटपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

नंबर लागला पावणेदोनला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, गुडघा दोनदा वाकवला, "छान आहे, दोन महिन्यांनी या." तीन मिनिटं! घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

रस्त्याबद्दल तक्रार नाही. एकशेदहा किलोमीटर म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. पण साडेअकरा म्हणजे नक्की किती, हे ठाऊक नसल्यानं जो जीव टांगणीला लागतो, त्यानं माणूस जास्त दमतो. बाहेरगावच्या पेशंटला नेमकी वेळ देणं एवढं अवघड आहे?

शिरवळपार:
बाऊ करताय, स्पष्ट बोलतो. मी आठ वर्षं दर सोमवारी पहाटे निघून हिंजवडी गाठतोय. विरारची माणसं रोज लोकलला लोंबकळतात, तुमचं दोन-तीन महिन्यांतून एकदा. शिवाय पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. अण्णांच्या तिकिटाला शून्य रुपये लागले. अजून काय पाहिजे?

माहेरवाशीण_वाई:
@शिरवळपार, तुम्ही सोमवारी जाता ते पगार मिळवायला. आजारी माणूस जातो तो दिवस मोडून, आणि सोबतच्या माणसाचाही मोडतो. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांचं तिकीट निम्मं झालं, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण पाणी न पिता निघणं मला नवीन नाही. आई, मी, मावशी, आम्ही सगळ्या असंच करतो. ते तिकिटात वाचत नाही.

मिरजेचा_पाहुणा:
सांगलीकराचं उलटं मत. पुण्याला मुळात जाताच कशाला? आमच्या मिरजेत वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, आजही अर्धा उत्तर कर्नाटक उपचाराला मिरजेत येतो. तुम्हाला तर कऱ्हाड तासाभरावर आहे. पण नाही! पुण्याचा शिक्का असला की औषधाला गुण येतो. पेशंट तिकडं पळतात म्हणून चांगला डॉक्टर इथं टिकत नाही, आणि तो टिकत नाही म्हणून पेशंट पळतात. यात आपला वाटा किती, ते बघा की.

गोडोलीकर:
हा टोला बसला. खरं सांगू? साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी "मी करतो ऑपरेशन" म्हणून सांगितलं होतं. मेहुणे म्हणाले, पुण्यालाच दाखवा, पुढं काही झालं तर लोक काय म्हणतील. गुडघा अण्णांचा, भीती लोकांची. तरीही एकदा तिथं ऑपरेशन झालं की फेरतपासणीला तिथंच जावं लागतं ना?

कोर्टाची_पायरी:
वकिलांकडे कारकुनी करतो, म्हणून दवाखाना सोडून बोलतो. हायकोर्टाच्या तारखेला पक्षकार मुंबईला जायचे. रात्रीची गाडी, सकाळी एखाद्या हॉटेलात तोंड धुवायचं, आणि चार वाजता कळायचं की आज बोर्डावर आपलं येत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचंच इथलं खंडपीठ, सुरू झालं, सातारा-सांगली त्यातच. साताऱ्याहून कोल्हापूर पुण्याएवढंच, वर सहापदरीकरणाची खोदाखोद. पण मुक्काम वाचला. मागणी किती वर्षांची होती हे वकिलांना विचारा. कामं जवळ आणता येतात, मागावी लागतात.

शिरवळपार:
कोर्ट आणि हाडांचा डॉक्टर एक कसे? सरकार बेंच देऊ शकतं, सर्जन कसा देणार?

नर्सबाई_निवृत्त:
मधला रस्ता आहे. मार्च २०२० मध्ये केंद्रानं टेलिमेडिसिनचे नियम काढले, जुन्या पेशंटची फेरतपासणी फोनवर-व्हिडिओवर चालते. घरबसल्या डॉक्टरांशी बोलायला सरकारची ई-संजीवनीही आहे. साखर-बीपीच्या गोळ्या बदलायला पुणं गाठू नका. पण गोडोलीकर, गुडघा मात्र हातानं वाकवूनच पाहावा लागतो. टाक्यांखाली गरम लागतंय का, हे स्क्रीनवर कळत नाही. त्या तीन मिनिटांना हसू नका, त्यामागं तीस वर्षं असतात.

गोडोलीकर:
बाई, तीन मिनिटांना हसलो नाही, सव्वादोन तासांच्या बाकड्यावर चिडलोय. काल त्या दवाखान्यात फोन केला. "लांबून येताय तर आधी सांगायचं, पहिला नंबर लावला असता," म्हणे. बोर्डावर कुठं लिहिलेलं नाही!

शिरवळपार:
बघा, विचारलं तर मिळतं.

माहेरवाशीण_वाई:
ज्याला विचारायचं सुचत नाही, त्यानं बाकड्यावर बसायचं, असंच ना?

गोडोलीकर:
अण्णांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "पुढच्या खेपेला पाणी पिऊन निघतो. फक्त खिडकीची सीट नको, दाराजवळची धर."