हळदीच्या पाकिटावर ताईचं नाव?

हरिपूरची_धाकटी :
माझी ताई आमच्या भागातली नावाजलेली डॉक्टर. शाळेत हजेरी घेताना माझं आडनाव आलं की बाई थांबायच्या. "तू तिची बहीण? मग गणितात हे काय?" ताईवर राग नाही. ती इतकी मायेची आहे की रागवायचीही सोय नाही.

मी बी.कॉम. करून सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोबाला लागले. तिथं बसून हळद कळायला लागली. हळकुंड मोडलं की माल नीट शिजलाय की नाही ते सांगते. हल्ली सौद्याला मालकच हाक मारतात, "मॅडम, जरा बघा हो."

आता घरामागे पत्र्याची शेड टाकून हळद दळायचं मशीन बसवतेय. कर्ज माझ्या नावावर. बाबांचं म्हणणं, पाकिटावर 'डॉक्टरताईंची हळद' छाप, हातोहात खपेल. ताई हसून म्हणाली, "तुला हवं ते कर."

खपेल, हे मलाही पटतं. तरी पोटात कालवतं. हा माझा कोतेपणा आहे का?

गोळी_इंजेक्शन :
भावना बाजूला ठेवू. मी स्वतः डॉक्टर आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे डॉक्टरला कुठल्याही व्यापारी मालाची शिफारस करता येत नाही. पाकिटावर 'डॉक्टर' आलं की तुमच्या ताईच अडचणीत येतील. बाबांना एवढं सांगा, विषय संपला.

सूरवेडी :
विषय संपला कसा? नियमाआड लपून नाव वाचवलं, तर उद्या बाबा उद्घाटनाच्या पत्रिकेवर 'सुप्रसिद्ध डॉक्टरांच्या भगिनी' छापतील. ते कुठल्या नियमात बसवणार?

तुझ्याच सांगलीत जन्मलेल्या आशाताईंचं बघ. घरात लतादीदी, आणि धंदाही तोच! संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी दीदींचा आवाज कधीच घेतला नाही. त्यांच्याकडे १९५७ च्या 'नया दौर'मध्ये आशाताईंना नायिकेची गाणी मिळाली. दीदींची सावली जिथं पडतच नव्हती, अशी ती जागा. पुढं १९८१ च्या 'उमराव जान'मधल्या गझलांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. तुला अशी जागा शोधायचीही गरज नाही. यार्डात हळकुंड मोडताना 'कुणाची बहीण' असं कोण विचारतं?

गोळी_इंजेक्शन :
आशाताईंचं उदाहरण सगळ्यांनाच देतात हो. इथं सवाल बँकेच्या हप्त्याचा आहे. पहिल्या वर्षी माल खपला नाही तर?

थोरला_कोल्हापूरचा :
मी घरात मोठा, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. मोठ्यांना 'तुला हवं ते कर' म्हणणं फार सोपं असतं. त्यात आपण कुणाचं मन मोडत नाही, पण धाकट्याला बापाशी एकट्यानं भांडावं लागतं. ताईला सांग, "हे बाबांना तू बोल." तिनं 'माझं नाव नको' म्हटलं की बाबा ऐकतील. तुझं का ऐकत नाहीत, हा वेगळाच धागा काढावा लागेल :)

आणि खपाचं म्हणशील तर सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे 'त्या भागाचा माल' अशी सरकारी ओळख आहे. गावाचं नाव ताईपेक्षा मोठं आहे. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी होते का, ते आधी बघ.

हरिपूरची_धाकटी :
ताईशी बोलले. तिला तो नियम माहीत होता, पण 'बाबा उगाच बोलतायत' म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं. काल जेवताना तीच बाबांना म्हणाली, "हळदीतलं मला काय कळतं? माझं नाव कशाला?" बाबा कोशिंबीर न घेताच उठले.

उत्पादक म्हणून माझं नाव आणि पत्ता पाकिटावर छापावाच लागतो, तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात येईल. पुढच्या बाजूला काय, ते अजून ठरायचंय. बाबा सकाळपासून आजीचं नाव सुचवतायत. तेही नको म्हटलंय.